एका बदनाम कारखान्याचे विमान



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकता, अर्थकारण ऐकता, इतिहास ऐकता. अशा ठिकाणी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका लाकूड-कापडाच्या इंग्रजी विमानाविषयी बोलायला आम्ही उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. हा विषय निवडण्याचे कारण आधीच सांगून टाकतो. यंत्र बनविणारा एका जागी बसतो आणि ते चालविणारा दुसऱ्या जागी मरतो, ही आधुनिक काळाची मोठी अडचण आहे. या दोघांची गाठ पडली नाही म्हणजे काय होते, आणि पडली म्हणजे काय होते, हे दोन्ही या एका विमानाच्या कथेत दिसते. विमानाचे नाव एस. ई. ५. ते पहिल्या महायुद्धातले, इंग्लंडमधल्या फार्नबरो या गावच्या सरकारी कारखान्यातले.

प्रथम नावाचीच गंमत पाहू. त्या कारखान्यात विमानांची नावे फ्रेंच कारागिरांच्या घराण्यांवरून पडत. पुढे पंखा असलेले ब्लेरिओच्या धर्तीचे विमान बी. ई., मागे पंखा असलेले फार्मनच्या धर्तीचे एफ. ई., आणि लहान शेपटी पुढे असलेले सांतोस-द्युमाँच्या धर्तीचे ते एस. ई. पुढे या 'एस'चा अर्थ बदलला आणि तो 'स्काउट', म्हणजे एकट्याने जाणारा चपळ टेहळ्या, असा झाला. त्या काळी लढाऊ विमानाला स्काउटच म्हणत. म्हणजे नाव तेच राहिले आणि अर्थ मात्र नवा आला. पुढे आपण पाहणार आहोत की या कारखान्याच्या एका गुणाचेही असेच झाले.

हा गुण म्हणजे स्थिरपणा. युद्धापूर्वी विमान हे फार लहरी वाहन होते. वाऱ्याचा झोत आला की ते कलंडे, आणि चालविणाऱ्याचा हात क्षणभर सुटला की खाली येई. पतंग उडविणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते की कन्नी नीट बांधली नाही तर पतंग गिरक्या घेतो, आणि ती बेताची बांधली तर तो आपोआप सावरतो. विमानालाही अशी कन्नी बांधता येईल काय, या प्रश्नाच्या मागे फार्नबरोचे शास्त्रज्ञ लागले. त्यांत एडवर्ड बस्क नावाचा तरुण संशोधक होता. त्याने गणित मांडले, आणि स्वतः विमान चालवायला शिकून ते गणित हवेत तपासले. त्यातून बी. ई. २ सी हे विमान सिद्ध झाले. हात सोडले तरी ते सरळ चाले. झोताने कलले तरी स्वतः सावरे. १९१४ च्या नोव्हेंबरात असेच एक विमान उडवीत असता त्याला हवेत आग लागली आणि बस्क जळून मेला. शास्त्रज्ञाने स्वतःच्या सिद्धान्ताची किंमत स्वतः दिली, हे विसरू नये. कारण पुढे या कारखान्यावर जे आरोप झाले ते ऐकताना त्याची आठवण ठेवावी लागेल.

सैन्याला हे विमान आवडले. त्या वेळी विमानाचे काम म्हणजे वरून पाहणे, नकाशावर खुणा करणे, छायाचित्रे घेणे आणि तोफांना नेम सांगणे. या कामाला गरीब बैलासारखे आपली वाट धरून चालणारे विमानच हवे होते. पण १९१५ च्या उन्हाळ्यात जर्मनांकडे फोकरचे एकपंखी विमान आले. त्याची बंदूक फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून नेमकी गोळी सोडी. म्हणजे वैमानिकाने अख्खे विमानच शत्रूवर रोखायचे आणि घोडा दाबायचा. त्याच्यापुढे आमचा गरीब बैल काय करणार? त्याला चटकन वळता येत नसे, कारण सरळ राहणे हाच त्याचा धर्म. त्यातून टेहळणी करणारा पुढच्या बैठकीवर, पंख आणि तारा यांच्या जाळ्यात कोंडलेला. त्याने बंदूक चालवायची तरी कोठून आणि कोणीकडे? जो गुण म्हणून इतक्या कष्टाने साधला, तोच माणसांच्या जिवावर उठला.

इंग्लंडमध्ये ओरड झाली. १९१६ च्या मार्चमध्ये पेम्बर्टन बिलिंग नावाच्या सभासदाने पार्लमेंटमध्ये उभे राहून आरोप केला की आपले वैमानिक शत्रूने मारले असे म्हणण्यापेक्षा त्यांचा खून झाला असे म्हणावे लागेल. त्याचा रोख सैन्याच्या विमानखात्यावर आणि या सरकारी कारखान्यावर होता. चौकशी-समित्या नेमल्या गेल्या. खुनाचा आरोप टिकला नाही. खाजगी कारखानदारांना सरकारी कारखाना डोळ्यांत सलत होता, हेही त्या ओरडीमागचे एक कारण होतेच. परंतु कारखान्याचे प्रमुख मर्व्हिन ओगॉर्मन यांना त्याच वर्षी पद सोडावे लागले. आरोप टिकला नाही, हे खरे. पण मेलेली माणसे मेलेलीच राहिली, आणि मागणी नोंदलेली असल्यामुळे ते विमान त्यानंतरही बरेच दिवस आघाडीवर जात राहिले. कारखान्याचे नाव बद्दू झाले ते झालेच.

अशा बदनामीच्या दिवसांत, १९१६ साली, त्याच कारखान्यातली तीन माणसे एका नव्या विमानाची आखणी करीत होती. हेन्री फोलंड, जॉन केनवर्थी आणि कारखान्याचा मुख्य वैमानिक फ्रँक गुडन ही ती तीन माणसे. या त्रिकुटात वैमानिक आहे, याकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधतो. कागदावर रेघ ओढणारा आणि त्या रेघेवर आपला जीव टांगणारा, असे दोघे एका टेबलाशी बसले होते.

त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. स्थिरपणाने घात केला म्हणून तो सोडून द्यावा आणि अत्यंत चपळ विमान करावे, ही एक वाट. इंग्लंडमधल्या दुसऱ्या एका प्रसिद्ध कारखान्याने पुढे तेच केले आणि सॉपविथ कॅमल हे विमान बनविले. त्याचे एंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरे आणि त्या जोराने विमान एका अंगाला विजेसारखे वळे. निष्णात हातात ते तलवारीसारखे होते. पण कितीएक नवशिके शत्रू दिसण्यापूर्वी त्याच्याखाली सापडून मेले. फार्नबरोच्या मंडळींनी दुसरी वाट धरली. स्थिरपणा ठेवायचा, पण बेताचा. आणि त्याच्या जोडीला वेग व ताकद द्यायची. बैल सोडून त्यांनी घोडा घेतला, पण उधळणारा घोडा घेतला नाही.

वेगासाठी एंजिन हवे होते. ते मिळाले बार्सिलोनाच्या हिस्पानो-सुइझा कंपनीकडून. मार्क बर्किग्ट या स्विस इंजिनियरने ते रचले होते. आठ नळकांडी इंग्रजी 'व्ही'च्या आकारात, प्रत्येक ओळीचा साचा अल्युमिनियमच्या एकाच ओतकामाचा, आणि थंड करायला पाणी. सुरुवातीला त्याची शक्ती १५० अश्वशक्ती होती. विमानाचा सांगाडा लाकडाचा, वर कापड, त्यावर कापड ताणून धरणारे रोगण, आणि दोन पंखांमध्ये खांब व तारा. समोरून पाहिले तर विमानापेक्षा एखाद्या मोटारीचा चेहरा आठवावा, असा त्याचा चौकोनी पाणी-निववणारा पिंजरा होता.

२२ नोव्हेंबर १९१६ रोजी ते प्रथम उडाले. गुडनने ते उडविले आणि सर्वांना हायसे वाटले. पण २८ जानेवारी १९१७ रोजी दुसरा नमुना घेऊन तोच गुडन वर गेला, हवेत पंख मोडले, आणि तो ठार झाला. कारखान्याची अब्रू आधीच टांगणीला लागलेली. त्यात आखणी करणाऱ्या तिघांपैकी एक आपल्याच विमानातून पडून मेला. अशा वेळी माणसे काय करतात ते आपण सर्वांनी पाहिले आहे. दोष मेलेल्या माणसावर टाकावा, तो परत येऊन काही सांगणार नसतो. फार्नबरोमध्ये तसे झाले नाही. तुकडे गोळा करून तपासले, आणि पंखाला पीळ पडून तो मोडला असा निष्कर्ष निघाला. मग पंखातल्या ज्या फासळ्यांवर दाब येतो त्यांना प्लायवूडचा आधार दिला. पीळ पडणे थांबले. ही सुधारणा पुढे त्या कारखान्याच्या इतर विमानांतही रूढ झाली. पंखांची टोकेही पुढे आखूड करण्यात आली. त्यामुळे विमानाची मजबुती इतकी वाढली की उभे खाली झेपावले तरी पंखांची भीती वाटू नये. गुडनच्या मृत्यूतून हा भरवसा निर्माण झाला.

आता दुसरी गाठ पाहा. ७ एप्रिल १९१७ रोजी छपन्न क्रमांकाची तुकडी ही नवी विमाने घेऊन फ्रान्सला गेली. तो महिना इंग्रज वैमानिकांच्या इतिहासात 'रक्तबंबाळ एप्रिल' म्हणून ओळखला जातो. त्या एका महिन्यात त्यांची सुमारे अडीचशे विमाने गेली. तरीही तुकडीचे प्रमुख मेजर ब्लोमफील्ड यांनी आपली विमाने दोन आठवडे लढाईत घातली नाहीत. कारण वैमानिकांच्या तक्रारी होत्या. समोर सेल्युलॉइडची एक मोठी घुमटी बसविली होती. वारा लागू नये हा कारखान्याचा सद्हेतू. पण तिच्यातून धड दिसत नसे, आणि विमान आपटले तर तीच तोंडावर फुटायची. वैमानिकांनी तिला 'काचघर' असे नाव ठेवले होते. ब्लोमफील्ड यांनी ती काढून लहान सपाट काच बसविली, बैठक बदलली, आणि २२ एप्रिलला पहिली फेरी बाहेर पडली. माणसे मरत असताना विमाने जागेवर उभी ठेवायला मोठे धैर्य लागले असेल. पण ते ठीक झाले. आणि कारखान्यानेही हट्ट धरला नाही. आघाडीवरचे फेरफार पुढच्या विमानांत केले.

तुकडीत आल्बर्ट बॉल नावाचा वीस वर्षांचा नामांकित वैमानिक होता. त्याला हे विमान आरंभी मुळीच पसंत नव्हते. त्याची आवड फ्रेंच न्यूपोरची, आणि त्याला ते एक जादा ठेवण्याची परवानगीही मिळाली होती. तो एकटा शत्रूच्या पोटाखाली शिरून वर गोळी झाडी. त्यासाठी वरच्या पंखावरची ल्युइस बंदूक उपयोगी पडे. ती एका वाकड्या पट्टीवरून खाली ओढून घेता येई. ९७ गोळ्यांचा डबा संपला की तो बदलायचा आणि बंदूक पुन्हा वर ढकलायची. ही युक्ती फॉस्टर नावाच्या एका सार्जंटची, आणि पट्टीला नावही त्याचेच पडले. दुसरी, व्हिकर्स जातीची बंदूक एंजिनाच्या वर होती. ती पंख्यातून गोळी सोडी, आणि तिचा ताल जुळविणारे यंत्र रुमानियाच्या कॉन्स्टान्टिनेस्को या इंजिनियरचे होते. त्यात तेलाने भरलेल्या नळीतून दाबाचा ठोका पाठविला जाई. स्पेनचे एंजिन, रुमानियन माणसाचे यंत्र, सार्जंटची पट्टी आणि इंग्रज सुताराचा सांगाडा, असा हा संसार होता. ७ मे १९१७ रोजी बॉल फ्रान्समध्ये एस. ई. ५ मध्येच मृत्यू पावला.

लवकरच २०० अश्वशक्तीचे एंजिन बसवून एस. ई. ५ ए हा सुधारलेला प्रकार आला, आणि त्याबरोबर या कथेतला सर्वांत लाजिरवाणा भागही आला. जास्त शक्तीच्या एंजिनात पंखा हळू फिरावा म्हणून मध्ये दातेरी चाके घातली होती. फ्रान्समधून आलेल्या काही एंजिनांतल्या या चाकांच्या पोलादाला नीट पाणी दिलेले नव्हते. आपल्या गल्लीतल्या लोहाराला विचारा, पाणी बिघडलेली कुऱ्हाड पहिल्याच घावाला कशी दगा देते, ते तो सांगेल. हे दोष कळलेले होते. तरीही ती एंजिने स्वीकारण्यात आली, कारण दुसरी मिळत नव्हती. तिकडे विमानांचे सांगाडे तयार होऊन एंजिनांची वाट पाहत शेकड्यांनी कोठारांत पडले होते. यावर उपाय निघाला तो सोपा होता. वोल्सली या मोटारींच्या कंपनीने दातेरी चाकेच काढून टाकली, नळकांड्यांतला दाब वाढविला आणि पंखा सरळ जोडला. त्या एंजिनाला 'व्हायपर', म्हणजे नागीण, असे नाव दिले. १९१८ मध्ये ते आल्यावर विमानाला ताशी सव्वाशे मैलांवर वेग मिळाला आणि वैमानिकाला निश्चिंतपणा मिळाला. एकंदर पाच हजारांहून अधिक विमाने बांधली गेली.

आता प्रत्यक्ष लढाईतले एक उदाहरण देतो. २३ सप्टेंबर १९१७ ची संध्याकाळ, जागा बेल्जममधली. जर्मनीचा विशीतला वैमानिक वेर्नर फॉस तीनपंखी फोकरमध्ये एकटा सापडला, आणि छपन्न क्रमांकाच्या अनेक एस. ई. ५ विमानांनी त्याला घेरले. ते तीनपंखी विमान भिंगरीसारखे वळत होते, एस. ई. ५ ला तसे वळणे शक्य नव्हते. फॉसने बहुतेक सगळ्यांच्या विमानांना गोळ्या लावल्या. पण त्याला पळता येईना, कारण वेगात एस. ई. ५ सरस होते. शेवटी ऱ्हिस डेव्हिड्स या तरुणाने त्याला पाडले. त्या तुकडीतल्या मॅककडनने पुढे त्याच्या शौर्याची मनापासून स्तुती केली. चपळ विमान एकट्याचे शौर्य दाखविते. आणि वेगवान, मजबूत, स्थिर विमान दहा जणांना एकत्र लढू देते. युद्धाचे पुढचे वळण या दुसऱ्या बाजूने गेले. ऱ्हिस डेव्हिड्सही महिन्याभराने गेला.

हा जेम्स मॅककडन कोण होता? सैन्यात तो बिगुल वाजविणारा पोऱ्या म्हणून आला, मग विमानखात्यात मेकॅनिक झाला, आणि शेवटी वैमानिक. तो आपले एंजिन स्वतः उघडी. अधिक दाबाचे दट्टे बसवून त्याने आपले विमान वीस हजार फुटांपर्यंत नेले, आणि तेथे स्वतःला सुरक्षित समजणाऱ्या जर्मन टेहळणी विमानांना गाठले. स्थिर विमानातून नेम चुकत नाही, हे त्याने जाणले होते. वीस हजार फुटांवर श्वास घेणे कठीण, बोटे बधिर. तेथे विमानाशी झगडत बसायला शक्ती उरत नाही. बी. ई. २ सी मध्ये ज्याने घात केला, तोच स्थिरपणा येथे तारक ठरला. गुण तोच; पण त्याचे प्रमाण आणि त्याची जागा बदलली होती, आणि ती बदलली माणसांचे ऐकल्यामुळे. मॅककडनच्या नावावर ५७ विजय आहेत.

या विमानाशी आपल्या देशाचाही संबंध आहे. इंद्रलाल रॉय हा कलकत्त्यात १८९८ साली जन्मलेला आणि लंडनमध्ये शिकलेला मुलगा १९१७ च्या जुलैत विमानखात्यात अधिकारी झाला. ऑक्टोबरच्या अखेरीस तो याच छपन्न क्रमांकाच्या तुकडीत आला. डिसेंबरात त्याचे एस. ई. ५ ए आपटले आणि तो जबर जखमी झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो विमानांची चित्रे काढी. ती आजही आहेत. १९१८ च्या जूनमध्ये तो चाळीस क्रमांकाच्या तुकडीत, मॅकलरॉय या आयरिश अधिकाऱ्याच्या हाताखाली, पुन्हा उडू लागला. जुलैत दोन आठवड्यांच्या आत त्याच्या नावावर १० विजय जमा झाले. २२ जुलै रोजी फ्रान्समध्ये तो पडला. वय १९. त्याला मरणोत्तर 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' मिळाले. ते मिळविणारा तो पहिला भारतीय. स्वतंत्र भारताच्या विमानदळाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी हे त्याचे भाचे. याच उन्हाळ्यात आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हेही इंग्रज विमानदळात डॉल्फिन या दुसऱ्या एका द्विपंखी विमानाचे वैमानिक म्हणून फ्रान्समध्ये पडले. ज्या सत्तेने हिंदी माणसाला अधिकाऱ्याची जागा देताना हात आखडता घेतला, तिच्या विमानांत ही मुले बसली. त्यांचे राजकारण काय असेल ते असो. त्यांच्या धैर्यात खोट काढता येणार नाही.

१९१८ च्या त्या एका जुलैची यादी ऐका. ९ तारखेला मॅककडन उड्डाण करतानाच एंजिनाने दगा दिल्याने पडून मेला. २२ ला रॉय गेला. २६ ला मॅनॉक हा मोठा सेनानी गेला, ३१ ला मॅकलरॉय. चौघेही एस. ई. ५ ए चे वैमानिक. इंग्रज वैमानिकांना त्या युद्धात हवाई छत्री दिलेली नव्हती. जर्मनांच्या वैमानिकांना ती अखेरच्या काही महिन्यांत मिळू लागली होती. ज्या देशाने विमानातले इतके दोष दूर केले, त्याने ही एक गोष्ट केली नाही. बनविणाऱ्याने चालविणाऱ्याचे ऐकले म्हणून हे विमान चांगले झाले, असे आम्ही म्हणालो. पण ऐकणे अर्ध्यावर थांबले की त्याचा हिशेब असा माणसांत द्यावा लागतो.

युद्ध संपले. १९१८ मध्ये विमानदळाचे नाव रॉयल एअर फोर्स झाले, तेव्हा आद्याक्षरांचा घोळ नको म्हणून कारखान्याचे नावही बदलावे लागले. उरलेल्या विमानांपैकी काहींनी १९२२ पासून इंग्लंडच्या आकाशात धुराने जाहिरातींची अक्षरे काढली. सरळ रेघ ओढायची तर स्थिर विमानच हवे, नाही का? हेन्री फोलंड यांनी पुढे आणखी विमाने आखली आणि स्वतःच्या नावाची कंपनी काढली. त्यांच्यानंतर त्याच कंपनीने नॅट हे छोटे जेट बनविले. ते बंगळूरलाही बनू लागले, आणि १९६५ च्या युद्धात आपल्या वैमानिकांनी त्यावर नाव कमावले, हे आपणांस ठाऊक आहेच. मूळ एस. ई. ५ ए पैकी एक लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये टांगलेले आहे, आणि एक इंग्लंडमधल्या शटलवर्थ संग्रहात आजही उडण्याच्या स्थितीत राखलेले आहे.

मित्रहो, आपल्यापैकी कोणी धरण बांधतो, कोणी पूल, कोणी औषध बनवितो, कोणी नुसताच एखाद्या कचेरीत नियम लिहितो. प्रत्येकाच्या कामाखाली कोणीतरी दुसरा उभा असतो. आपल्या कामात दोष निघाला म्हणजे नाव जाते, हे खरे. पण गेलेले नाव परत मिळविण्याची वाट या बदनाम कारखान्याने दाखवून दिली आहे. मोडलेल्या पंखाचे तुकडे गोळा करायचे, ते का मोडले ते बघायचे, आणि जो त्या पंखावर बसणार आहे त्याला आपल्या टेबलाशी बोलवायचे.